डीबीचा दरवाजा उघडून बघू: कोकणातल्या घराचं वायरिंग, पोलपासून पॉइंटपर्यंत

मृग लागला की माझा फोन वाजायला लागतो. ह्या वर्षी पहिला फोन आमच्या काकीचा. "झिला, सकाळपासून तीनदा उडाली रे लाईट. गिझर लावलो काय टक करून जाता. माका वाटता हो ट्रिपर काढूनच टाकूया, आदी खय होतो हो, तेवा काय आमी मेलव?"

हा ट्रिपर म्हणजे आरसीसीबी, करंट कुठे जमिनीत गळायला लागला की लाईट तोडणारं बटण. आणि काढून टाकायचा प्रयोग त्या घरात आधी एकदा झालेलाच होता. कोणा वायरमननं आरसीसीबीच्या वरच्या आणि खालच्या टर्मिनलमध्ये सरळ दोन वायरी मारून ठेवल्या होत्या. बाहेरून बघितलं तर आरसीसीबी आहे, बटण वर आहे, सगळं छान. आतून तो नुसता शोभेचा. गेल्या दिवाळीत मी त्या वायरी काढल्या आणि आता पाऊस पडल्यावर शिव्या मला.

मी आयटीआय केलेला माणूस, पंधराएक वर्षं वेंगुर्ला-मालवण पट्ट्यात घरांची वायरिंग करतोय. इथली निम्मी घरं चिऱ्याची आणि कौलारू, आणि उरलेल्या निम्म्यांवर नवा स्लॅब पडलाय पण आतल्या वायरी आजोबांच्या वेळच्या. काकीच्या घरी नेमकं काय झालं होतं ते सांगतो, पण त्याआधी डीबीत, म्हणजे घरभर करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युशन बोर्डात, काय काय असतं ते कळलं पाहिजे नाहीतर ती गोष्ट डोक्यावरून जाईल. हे वाचून तुम्ही स्वतः पेचकस घेऊन डीबीत घुसावं असं माझं म्हणणं नाही, ते काम परवाना असलेल्या वायरमनचंच. पण तो काय करतोय ते शेजारी उभं राहून कळायला पाहिजे, एवढ्यासाठी हे.

करंट घरात कसा येतो

पोलवरून सर्व्हिस वायर येते, मीटरला जाते, तिथून कट-आउट (फ्यूज) किंवा मेन स्विच, आणि तिथून घरातली डीबी. सिंगल फेज असेल तर एक फेज (करंट आणणारी वायर) आणि एक न्यूट्रल (परत नेणारी), मध्ये २३० व्होल्ट. थ्री फेज असेल तर तीन फेज आणि एक न्यूट्रल, दोन फेजच्या मध्ये ४०० ते ४१५. मीटरला सील असतं, त्याला हात लावायचा नाही, ते महावितरणचं काम. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की डीबीतला मेन बंद केला तरी त्या मेनच्या वरच्या स्क्रूवर करंट असतोच. लोक मेन खाली पाडतात आणि आता सगळं मेलं असं समजून बोट घालतात. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचे पॉइंट मेन पाडल्यावरही जिवंत असतात, कारण इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली आणि तो इमानदारीत चालू होतो. म्हणून आधी इन्व्हर्टर बंद, मग मेन.

वायरीचे रंग: फेजला लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवा. सिंगल फेजच्या घरात लाल-काळा-हिरवा एवढं पाळलं तरी पुरे. पण जुन्या घरात रंगावर भरवसा ठेवायचा नाही. मी एकदा हिरव्या वायरीतून फेज नेलेला बघितलाय, विचारलं तर म्हणे तेव्हा दुकानात तीच शिल्लक होती.

डीबीच्या आत

दरवाजा उघडला की डावीकडून पहिलं जाड दोन खांबांचं बटण म्हणजे डीपी (डबल पोल) एमसीबी, जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटण, किंवा नुसता आयसोलेटर. हा मेन, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. त्याच्या शेजारी आरसीसीबी, त्यावर छोटं टेस्ट बटण असतं. मग ओळीनं बारीक एमसीबी, एकेका सर्किटला एकेक. त्या सगळ्यांना तांब्याच्या दातेरी पट्टीनं फेज मिळतो, तिला आम्ही बसबार म्हणतो. बाजूला दोन पितळी पट्ट्या, एकीवर सगळे न्यूट्रल आणि दुसरीवर सगळे अर्थ. झालं, एवढंच असतं. बघायला गुंता वाटतो पण ओळीनं वाचलं तर एसटीच्या वेळापत्रकापेक्षा सोपं.

आता एमसीबी आणि आरसीसीबी ह्यांच्यात लोकांचा जो गोंधळ होतो तो एकदाचा मिटवू. एमसीबी वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला.

एमसीबीच्या पोटात दोन यंत्रणा असतात. एक दोन धातूंची पट्टी, ती जास्त करंटनं तापून हळूहळू वाकते आणि बटण पाडते, हे ओव्हरलोडसाठी. दुसरी कॉइल, ती शॉर्ट झाला की क्षणात खेचते. पट्टी हळू असते, म्हणून १६ अँपिअरच्या एमसीबीवर १८ अँपिअर गेले तर तासभर तो ढिम्म हलणार नाही, आणि तासाभरात पडायलाच पाहिजे अशी हद्द आहे सव्वातेवीसच्या आसपास, म्हणजे १.४५ पट. म्हणून वायर नेहमी एमसीबीपेक्षा तगडी पाहिजे. बी टाइप, सी टाइप हे त्या कॉइलचं आहे. बी टाइप ३ ते ५ पट करंटला लगेच पडतो, सी टाइप ५ ते १० पट. मोटर चालू होताना पाचसहा पट करंट खेचते, तिथे बी टाइप लावला तर पंप चालू करताना रोज पडणार. पंप, एसीला सी टाइप, दिव्यांना आणि गिझरला बी टाइप.

आरसीसीबीचं काम वेगळंच. मालवण जेट्टीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडी जाते ना, तो होडीवाला जाताना माणसं मोजतो आणि परत येताना मोजतो. एक कमी भरला तर होडी सोडत नाही. आरसीसीबी तेच करतो, फेजमधून किती गेला आणि न्यूट्रलमधून किती परत आला. फरक पडला म्हणजे करंट कुठेतरी भलत्या वाटेनं जमिनीत उतरतोय, कदाचित कोणाच्या अंगातून. घरासाठी ३० मिलीअँपिअरचा घ्यायचा, म्हणजे ०.०३ अँपिअरचा फरक पडला की पडायलाच हवा. खरं तर तो १५ च्या पुढे कधीही पडू शकतो आणि त्याला दोष देता येत नाही. १०० आणि ३०० चे पण मिळतात, ते आग लागू नये म्हणून, माणसासाठी नाहीत, दुकानदार स्वस्तात देतो म्हणून घेऊ नका. आणि आरसीसीबीला ओव्हरलोड, शॉर्ट ह्यातलं काही कळत नाही, म्हणून एमसीबी सोबत पाहिजेच. दोन्ही एकात असलेला मिळतो तो आरसीबीओ, महाग पडतो पण एका जागी मी तो लावायलाच सांगतो, पुढे येईल.

आधी कागद, मग हातोडी

भिंतीत पाइपसाठी झिरी मारायच्या आधी कागदावर घर काढा. ओटी, पडवी, माजघर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, खळं (अंगण), विहीर. प्रत्येक ठिकाणी काय चालणार ते लिहा आणि वॅट भागिले २३० करा, अँपिअर येतात. २००० वॅटचा गिझर म्हणजे ८.७ अँपिअर. १००० वॅटची इस्त्री म्हणजे साडेचारच्या आत. ९ वॅटचे दहा एलईडी मिळून अर्धा अँपिअर पण होत नाही. एक एचपीचा पंप म्हणजे ७४६ वॅट असं लोक धरतात पण ते शाफ्टवरचं, लाईनमधून तो जास्त खेचतो, ६-७ अँपिअर धरून चाला.

मग सर्किट पाडायची. आयटीआयत शिकवलेला जुना नियम अजून बरा: दिव्या-पंख्यांच्या एका सर्किटवर दहाच्या वर पॉइंट नाहीत आणि ८०० वॅटच्या वर लोड नाही, १६ अँपिअरच्या पॉवर सर्किटवर दोनच्या वर पॉइंट नाहीत. साध्या घराला मी असं पाडतो: पुढची बाजू लाईट, मागची बाजू लाईट, स्वयंपाकघराचे दोन पॉवर, फ्रीज एकटा, गिझर एकटा, एसी असेल तर एकटा, पंप एकटा, आणि बाहेरचं सगळं एकटं. दिवे कधीही एकाच सर्किटवर ठेवू नका, नाहीतर एक एमसीबी पडला की अख्ख्या घरात काळोख आणि टॉर्च कुठे ठेवला ते शोधायलाही उजेड नाही. फ्रीज एकटा ह्यासाठी की घर बंद करून मुंबईला जाताना बाकी सगळं पाडून तेवढा चालू ठेवता येतो.

गणपतीचं वेगळं धरा. अकरा महिने ज्या माजघरात एक ट्यूब आणि पंखा चालतो तिथे त्या दहा दिवसांत माळा, फोकस, साउंड, वर चाकरमान्यांचे आठ मोबाईल. गणपती बसतो त्या भिंतीजवळ एक १६ अँपिअरचा पॉइंट स्वतंत्र काढून ठेवला तर पिनला पिन, तिला पिन, अशी ती लटकणारी एक्स्टेन्शनची रांग लागत नाही.

ह्यावरून डीबी केवढी घ्यायची ते ठरतं. इथे बरेच जण फसतात. आठ सर्किट म्हणून ८ वे ची, म्हणजे आठ घरांची, डीबी आणली आणि लावायला गेलं की कळतं मेनच्या जागा वेगळ्या दिल्यात पण आरसीसीबीनं दोन घर खाल्ली. १२ वे घ्या, एक-दोन रिकामी राहू दे, पुढच्या वर्षी कोणीतरी इंडक्शन आणणारच आहे.

वायर

दुकानात दीडची, अडीचची, चारची म्हणतात ते तांब्याचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. माझी जोडी ठरलेली आहे. लाईटला दीडची आणि ६ किंवा १० चा एमसीबी. १६ अँपिअरच्या पॉइंटला आणि गिझरला अडीचची आणि १६ चा. एसीला चारची आणि २० चा. मीटरपासून डीबीपर्यंत सहाची आणि ३२ चा डीपी, त्याच्यापुढे ४० चा आरसीसीबी. एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ काढून ३२ टाकणं हा आमच्याकडचा लाडका उपाय आहे, आणि त्यानं होतं काय तर आता एमसीबी पडत नाही, वायर वितळते. आयएसआय मार्क असलेली एफआर (आग न पसरवणारी) किंवा एफआरएलएस (शिवाय धूर कमी करणारी) वायर घ्या, ९० मीटरचा गुंडाळा येतो, वजनाला हलका लागला तर तांबं कमी आहे.

अंतर हा मुद्दा शहरात कोणी बघत नाही पण आपल्याकडे विहीर घरापासून लांब असते. समजा विहीर ६० मीटरवर. जायला ६० आणि यायला ६०, एकूण १२० मीटर तांबं. अडीचच्या वायरीला किलोमीटरला साडेसात ओहमच्या आसपास रेझिस्टन्स, म्हणजे इथे ०.९. पंप ७ अँपिअर घेतो तेव्हा सहा व्होल्ट पडतात, ते चालतं. पण चालू होताना ३५ अँपिअर खेचतो तेव्हा एकतीस-बत्तीस व्होल्ट वायरीतच जातात. संध्याकाळी गावात आधीच १९५ असेल तर पंपाला १६५ पण मिळत नाहीत, तो नुसता घुमतो आणि वाइंडिंग जळतं, आणि दोष जातो पंपाच्या कंपनीला. चारची टाकली तर ती घट एकोणीस-वीसवर येते. वायरीचे पैसे वाचवून लोक दर दोन वर्षांनी मोटर भरून आणतात.

पाइपचं पण सांगतो. चिऱ्याच्या भिंतीत कटरनं झिरी मारताना चिरा भुसभुशीत सुटतो, खिळ्यानं पाइप थांबत नाही, तारेनं बांधून मग सिमेंट भरायचं. आणि पश्चिमेच्या भिंतीत शक्यतो पाइप घालूच नका. जुलैत ती भिंत पाणी पिऊन बसते, हात लावला तर गार ओल कळते, तिच्यातला प्रत्येक स्विचबोर्ड सप्टेंबरपर्यंत दमट. डीबी तर तिथे अजिबात नको. आतल्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, चुलीपासून आणि न्हाणीपासून लांब. समुद्राच्या जवळ असाल तर पत्र्याची डीबी चार-पाच वर्षांत फुगते, प्लॅस्टिकची चांगली मिळते ती घ्या. आणि पाइप आत येतात त्या भोकांच्या फटी बुजवा. मी एकदा डीबी उघडली तर आतमध्ये पाल, फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये, वाळून पापड झालेली, आणि तिच्याभोवती बसबारला मुंग्यांचं अख्खं वारूळ. घरच्यांची तक्रार काय, तर डीबीतून कसलातरी वास येतो.

अर्थिंग, आणि जांभ्याचा प्रॉब्लेम

इथे मला जास्त बोलायचंय. अर्थिंग म्हणजे खड्डा खणून त्यात पाइप पुरायचा एवढं सगळ्यांना माहिती. साधा पाइप अर्थिंग असा: ४० मिलिमीटरचा, अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप, खालच्या भागात भोकं पाडलेला, भोवती कोळसा आणि मीठ थराथरानं, वर नरसाळं आणि छोटी हौदी. देशावर काळ्या मातीत हे छान चालतं. आपल्याकडे चार फुटांवर कातळ. जांभा पावसात पाण्यानं भरलेला असतो पण त्याला पाणी धरून ठेवता येत नाही, मार्चपर्यंत कोरडा ठणठणीत, आणि कोरडा जांभा करंट नेत नाही. म्हणजे पावसात तपासलं तर अर्थिंग एकदम फर्स्टक्लास आणि मे महिन्यात नावाला.

त्याचा परिणाम आकड्यात बघा. समजा मे महिन्यात तुमच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स ४० ओहम झाला. गिझरची कॉइल फुटून फेज टाकीला लागला. करंट किती जाणार, २३० भागिले ४०, पावणेसहा अँपिअर. गिझरचा एमसीबी १६ चा आहे. तो आयुष्यात पडणार नाही. टाकी जिवंत, नळ जिवंत, आणि अर्थिंग तर केलेलं आहे म्हणून घरचे निर्धास्त. आरसीसीबीला मात्र ०.०३ अँपिअर पुरतात, तो तिथल्या तिथे पडतो. म्हणून जांभ्यावरच्या घराला आरसीसीबी ही चैन नाही, तिथे तोच एकटा कामाचा आहे. ट्रिपर काढून टाक म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे गणित सांगतो, काकीला पण सांगितलं, ती म्हणाली मग गिझर काढूक होयो.

काय करायचं तर खड्डा कातळावर नको, विहिरीच्या किंवा माडाच्या आळ्याच्या बाजूला जिथे वर्षभर ओल असते तिथे घ्या, जरा लांब पडला तरी चालेल. शक्य असेल तर दोन खड्डे, पाइपच्या लांबीइतकं तरी अंतर ठेवून, आणि दोन्ही जोडून. मीठ पाइप खातं, म्हणून आता बरेच जण बेंटोनाइट नावाची माती वापरतात, ती ओल धरून ठेवते, खर्च थोडा जास्त. शिमग्यानंतर आठवड्याला एक बादली पाणी नरसाळ्यात ओतायचं. अर्थची हिरवी वायर कुठल्याही स्विचमधून, फ्यूजमधून जाता कामा नये, ती खड्ड्यापासून शेवटच्या सॉकेटपर्यंत अखंड.

आणि एक घाणेरडी सवय. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटच्या मागे अर्थच्या पिनला न्यूट्रल जोडून देतात, टेस्टर लावला की सगळं बरोबर दिसतं. बाहेर कुठे न्यूट्रल तुटला की त्या फ्रीजच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. वादळात न्यूट्रल तुटतोच. २०२१ च्या मे मध्ये तौक्ते आलं तेव्हा कितीतरी गावं दिवसच्या दिवस काळोखात होती, आणि लाईट आल्यावर काही घरांतले टीव्ही, फ्रीज एका दमात गेले. पोलकडचा न्यूट्रल सुटला की शेजारच्या फेजचा लोड आणि तुमचा लोड एका माळेत येतात आणि २३० च्या जागी साडेतीनशेच्या पुढे व्होल्टेज मिळू शकतं. ह्याच्यासाठी डीबीत बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतो. विजेच्या कडकडाटासाठीचा एसपीडी वेगळा, तो हे काम करत नाही, दोन्हींची गल्लत करू नका.

डीबी भरताना

वायरमन डीबी भरत असेल तेव्हा शेजारी उभे राहा आणि हे बघा.

आधी बंद, आणि बंद आहे ह्याची खात्री. नुसता टेस्टर नको, टेस्टर दमट हवेत खोटं पण दाखवतो. सिरीज लॅम्प (दोन वायरी जोडलेला बल्ब) किंवा मल्टीमीटर, आणि तो आधी चालू पॉइंटवर लावून बघायचा की मुळात तो चालतोय ना.

येणारा फेज-न्यूट्रल डीपीला वरून. डीपीच्या खालून आरसीसीबीच्या वर. आरसीसीबीवर एन लिहिलेलं टर्मिनल असतं, न्यूट्रल तिथेच. आरसीसीबीच्या खालचा फेज बसबारला, खालचा न्यूट्रल न्यूट्रलच्या पट्टीला. मग एकेका सर्किटचा लाल त्याच्या एमसीबीच्या खाली, काळा पट्टीवर, हिरवा अर्थच्या पट्टीवर. ज्या नंबरचा एमसीबी त्याच नंबरच्या भोकात न्यूट्रल आणि त्याच नंबरच्या भोकात अर्थ. हे चांगले चांगले करत नाहीत, वाटेल तिथे घुसवतात, आणि पुढे फॉल्ट शोधताना रडायची वेळ येते.

वायरीचं टोक सोलून नुसतं पिळून घालायचं नाही, पिन लग, म्हणजे टोकावर बसणारी धातूची पिन, दाबून घालायचा. सोललेलं तांबं टर्मिनलच्या बाहेर दिसता नये आणि प्लॅस्टिक टर्मिनलच्या आत दाबलं जाता नये. स्क्रू घट्ट, मग वायर ओढून बघायची, मग महिन्याभरानं परत एकदा घट्ट. डीबी जळते ती जास्त करून सैल स्क्रूनं, आधी इन्सुलेशन तपकिरी होतं, मग काळं, मग कुरकुरीत. किनाऱ्याला तांब्यावर हिरवी बुरशी चढते ती खारट हवेची, ती आली की जोड तापायला लागतो, तेवढा तुकडा कापून नव्यानं लग मारायचा.

एका सर्किटचा फेज आणि दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल, असलं उसनं कधी चालवून घ्यायचं नाही. जिन्याच्या टू-वे स्विचला हे हमखास होतं, खालून फेज घेतला आणि वर जवळ पडला म्हणून न्यूट्रल वरचा. वरचा एमसीबी बंद करून काम करणाऱ्याला त्या न्यूट्रलमधून झटका बसतो. इन्व्हर्टरचं पण तेच, त्याला फेज आरसीसीबीच्या पुढून दिला असेल तर न्यूट्रल पण पुढच्याच पट्टीवर पाहिजे. एक अलीकडून आणि एक पलीकडून झाला की होडीवाल्याची मोजणी चुकलीच.

बाहेरचं सर्किट, म्हणजे खळ्यातला फोकस, गेटचा दिवा, तुळशीजवळचा पॉइंट, ह्याला डीपीवरून सरळ वायर घेऊन दोन खांबांचा आरसीबीओ. मेन आरसीसीबीच्या पुढे नाही, त्याच्या बाजूला. त्याचा न्यूट्रल त्याच्यातूनच जाणार आणि त्याच्यातूनच येणार, सगळ्यांच्या पट्टीवर नाही. मग पावसात बाहेर ओल धरली तरी तेवढाच पडतो, घरातला फ्रीज चालू राहतो.

चालू करायच्या आधी

सगळे दिवे, उपकरणं काढून ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि फेज-न्यूट्रल बघायचं. एक मेगओहमच्या खाली आलं तर तिथेच थांबायचं. नव्या वायरिंगला त्याच्या कितीतरी वर यायला पाहिजे. मग मेन चालू करून मल्टीमीटर: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थ खूप कमी आलं तर अर्थिंग गेलंय. मग आरसीसीबीचं टेस्ट बटण. दाबल्यावर पडलाच पाहिजे. हे बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं, नाहीतर आतली यंत्रणा इथल्या हवेत चिकटते. तारीख लक्षात राहत नाही म्हणून मी सगळ्यांना सांगतो, संकष्टीला दाबा.

काकीचा गिझर

आता परत काकीकडे. गिझर लावला की आरसीसीबी पडतो, म्हणजे गिझर खराब, असं कोणीही म्हणेल. मी गिझर मेगरला लावला, एकदम चांगला. गिझरची पिन काढून त्याच जागी इस्त्री लावली, तरी पडला. शेजारच्या खोलीत इस्त्री लावली, तिथेही पडला. म्हणजे मोठा लोड आला की पडतो, मग तो कुठलाही असो. हे लक्षण दिसलं की डोळे झाकून न्यूट्रल बघायचा.

कारण असं, साधा एमसीबी फक्त फेज तोडतो. सर्किट बंद केलं तरी त्याचा न्यूट्रल पट्टीला जोडलेलाच राहतो. मोठा लोड चालू झाला की न्यूट्रलच्या पट्टीवर जमिनीच्या तुलनेत दोन-चार व्होल्ट चढतात. कुठे एखादा न्यूट्रल ओल्या जमिनीला टेकलेला असेल तर थोडा करंट तिकडून खाली उतरतो, परत येताना मोजणीत कमी भरतो, आणि आरसीसीबी पडतो. त्या सर्किटचा एमसीबी चालू आहे की बंद, काही फरक पडत नाही. म्हणून सगळे एमसीबी पाडून एकेक वर करत फॉल्ट शोधायची जी पद्धत सगळ्यांना माहिती आहे ती फेजचा फॉल्ट शोधते, न्यूट्रलचा फॉल्ट तिच्या हातून निसटतो.

मी मेन बंद केला, पट्टीवरचे न्यूट्रल एकेक सुटे करून मेगर लावत गेलो. सातवा काढला आणि काटा शून्याला. सातवा म्हणजे गेटचा दिवा, जो काकीनं मे महिन्यापासून लावलेलाच नव्हता. खळ्याच्या कडेनं गेलो तर गेटच्या लोखंडी खांबाच्या आत न्यूट्रलचा जोड, काळ्या टेपनं गुंडाळलेला, टेपचा डिंक वितळून टेप सुटलेली, आणि हिरवं पडलेलं तांबं ओल्या खांबाला चिकटून बसलेलं. जोड बाहेर काढून पाणी न शिरणाऱ्या बॉक्समध्ये कनेक्टरनं केला, टेपनं नाही, बॉक्सला वायर खालून नेली म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत जात नाही, आणि त्या सर्किटला आरसीबीओ दिला. दोन तास गेले, त्यातला दीड तास न्यूट्रलना नंबर नव्हते म्हणून.

मग नंबर घातले आणि डीबीच्या दरवाजाच्या आतून यादी चिकटवली, लॅमिनेट करून, कारण इथे साधा कागद एका पावसाळ्यात बुरसटतो आणि शाई पसरते. सात नंबरपुढे मी 'बाहेरील प्रकाश' लिहिलं होतं. काकीनं ते खोडून पेनानं 'गेट' केलं.